सॅक्सोफोन आणि ड्रम्स: लाइव्ह जॅझमधल्या संवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझच्या मैफलीला पहिल्यांदा गेलेला माणूस सॅक्सोफोनवाल्याकडे बघत बसतो. साहजिकच आहे. तो पुढे उभा असतो, धून त्याच्याकडे असते, टाळ्याही त्यालाच पडतात. पण सोलो चालू असताना त्याच्यात आणि मागे बसलेल्या ड्रमरमध्ये काय चाललंय ते एकदा कळायला लागलं की तीच मैफल कितीतरी जास्त ऐकू येते. जॅझ ऐकताना आणि इतरांना ऐकवताना जे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले गेले ते इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन आणि ड्रमर एल्विन जोन्स यांची आहेत. या जोडीची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज भरपूर आहेत, आणि या विषयात त्यांच्यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

सॅक्सोफोनचा सोलो चालू असताना ड्रमर नेमकं काय करत असतो?

ड्रमरच्या उजव्या हाताशी एक मोठी झांज असते, ती राइड. जॅझची लय मुख्यतः तिच्यावर चालते: डिंग, डिंग-ग-डिंग, डिंग-ग-डिंग. डाव्या पायाने हाय-हॅटच्या दोन झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतात. लय इथे बांधली गेली की डावा हात आणि उजवा पाय, म्हणजे स्नेअर (समोरचा लहान, कडक आवाजाचा ड्रम) आणि बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम), मोकळे राहतात. सॅक्सोफोनशी बोलणं बहुतेक या दोघांकडून होतं.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या नाचाच्या बँडमध्ये बेस ड्रम चारही मात्रांवर धपधप वाजायचा. 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात वाजवणाऱ्या ड्रमर केनी क्लार्क यांनी लयीचा भार राइडवर नेला आणि बेस ड्रम अवचित ठोक्यांसाठी राखून ठेवला. या ठोक्यांना संगीतकार ‘बॉम्ब’ म्हणायचे. चार्ली पार्कर यांच्या भन्नाट वेगाच्या सॅक्सोफोनमागे मॅक्स रोच जे वाजवू शकले, त्याची वाट या बदलामुळे मोकळी झाली. नोव्हेंबर 1945 मध्ये रेकॉर्ड झालेलं ‘को-को’ ऐका. लय हलकी होऊन वर गेल्यामुळे खाली केवढी जागा झाली ते लगेच कळतं.

म्हणजे ड्रमर साथ करतो, असंच ना?

साथ करतोच. पण त्या क्षणी सोलो कसा घडणार यात त्याचा बरोबरीचा वाटा असतो. याच मुद्द्यासाठी ही सगळी प्रश्नोत्तरं लिहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा ताल चार मात्रांचा आहे आणि सॅक्सोफोनवाल्याने तीन मात्रांचा एक छोटा तुकडा घेऊन तो पुन्हापुन्हा वाजवायला सुरुवात केली. तुकडा दर वेळी तालाच्या वेगळ्या मात्रेवर पडू लागतो. आता ड्रमरपुढे काही वाटा आहेत. तो चारच्या चालीत ठाम राहिला तर दोघांमध्ये ताण तयार होतो आणि ऐकणारा खुर्चीच्या कडेवर येतो. त्याने स्नेअरवर तीनचा तुकडा उचलला तर अख्खा बँड तिरका झाल्यासारखा वाटतो आणि सरळ होईल तेव्हा मोठा दिलासा मिळतो. किंवा तो आवाज एकदम खाली आणून सॅक्सोफोनला उघडं पाडू शकतो. सॅक्सोफोनचे सूर तिन्ही वेळा तेच असतील, पण ऐकू येणारं संगीत तीन प्रकारचं असेल. पुढचा तुकडा कुठला घ्यायचा हे सॅक्सोफोनवाला ड्रमरने काय केलं ते ऐकून ठरवतो. मग सोलो कुणाचा म्हणायचा? माझ्या मते दोघांचा. प्लेटच्या पाठीवर एकाचंच नाव छापलेलं असलं तरीही.

हे सगळं आधी ठरलेलं असतं का?

धून, तिचा साचा आणि साधारण वेग ठरलेला असतो. साचा म्हणजे 12 बारचा ब्लूज किंवा 32 बारचं गाणं. प्रत्येक बार बहुधा चार मात्रांचा असतो. असं एक पूर्ण आवर्तन म्हणजे एक कोरस. किती कोरस घ्यायचे, आवाज कधी चढवायचा, कधी थांबायचं, हे मंचावर ठरतं.

मग दोघं एकमेकांना इशारे कसे देतात?

डोळ्यांनी देतात, मान हलवून देतात, पण सगळ्यात मोठा इशारा श्वासाचा असतो. सॅक्सोफोन फुंकून वाजतो, त्यामुळे वाक्य दमाच्या लांबीचं असतं. काही जण नाकाने श्वास घेत गालातली हवा ढकलून सूर अखंड ठेवतात, पण तो खास प्रसंगीचा प्रकार. एरवी दर काही बारनंतर वादकाला ओठांच्या कडेने श्वास घ्यावाच लागतो. मागे बसलेल्या ड्रमरला त्याचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. वाक्य संपताना खांदे किंचित खाली येतात, बरगड्या फुगतात, कोपर बाहेर येतात. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या फटीत स्नेअरवर दोन-तीन ठोके पडतात, आणि बऱ्याचदा सॅक्सोफोनचं पुढचं वाक्य नेमक्या त्या ठोक्यांच्या वळणावर सुरू होतं. पुढच्या मैफलीत एवढी एकच गोष्ट बघा.

सुराची धारही ऐकली जाते. सॅक्सोफोनच्या तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी, म्हणजे रीड, जिभेने छाटता येते. वादक एकाच सुरावर जिभेने टक-टक-टक करायला लागला की तो जवळजवळ तालवाद्य झालेला असतो. अशा वेळी चांगला ड्रमर ताबडतोब जवळ येतो.

कोलट्रेन आणि एल्विन जोन्स यांचंच नाव सगळे का घेतात?

कारण या दोघांनी 1960 पासून जवळजवळ सहा वर्षं, क्लबांमध्ये रात्रीमागून रात्र एकत्र वाजवलं, आणि त्या काळात जॅझच्या सोलोची लांबी, वजन आणि तापमान बदलून टाकलं. कोलट्रेन 1926 चे, नॉर्थ कॅरोलायनामधल्या हॅम्लेटचे. एल्विन 1927 चे, मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकचे. थोरले भाऊ हँक पियानोवादक, थॅड ट्रम्पेटवादक, दोघंही स्वतःच्या बळावर नावाजलेले. कोलट्रेन यांच्या चौकडीत पियानोवर मॅकॉय टायनर, आणि पुढे बेसवर (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) जिमी गॅरिसन.

एल्विन यांच्या वाजवण्यात काय वेगळं होतं? एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि ते भाग दोन हात, दोन पाय यांत वाटून टाकायचे. पहिला भाग राइडवर, दुसरा स्नेअरवर, तिसरा बेस ड्रमवर. पुढच्या मात्रेला वाटणी बदललेली. त्यामुळे लय एका जागेवरून न येता सगळ्या ड्रमसेटमधून उकळत वर येते. इतर ड्रमरांची राइड सरळ रेषेत जाते, एल्विन यांची गोल फिरते. दुसरं म्हणजे ते बारच्या भिंती मानत नसत. कोरस संपून नवा सुरू होतो ती पहिली मात्रा, आपल्या भाषेत सम, ते अनेकदा झाकून टाकत. मोठी झांज समेच्या जरा आधी किंवा समेनंतर पडायची. कोलट्रेन यांचीही वाक्यं बारच्या भिंती ओलांडून जायची. दोघंही सम मनात पक्की धरून होते, म्हणूनच दोघांनाही ती उघड वाजवायची गरज पडत नव्हती.

आणि ताकद. कोलट्रेन वीस-वीस मिनिटांचा सोलो घ्यायचे. एवढा वेळ तीव्रता चढती ठेवायची तर मागे कुणीतरी न दमता प्रत्येक पायरीला आधार द्यावा लागतो. एल्विन नसते तर त्या लांबीचे सोलो उभेच राहिले नसते, असं मला मनापासून वाटतं.

‘चेसिन द ट्रेन’मध्ये एवढं काय आहे? मला तो गोंधळ वाटतो.

कोलट्रेन यांचं हे लाइव्ह रेकॉर्डिंग पहिल्यांदा तसं वाटतंच. त्यांचं वाजवणं 1961 मध्येही अनेकांना तसं वाटलं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकात कोलट्रेन आणि त्यांच्याबरोबर वाजवणारे सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी यांच्या वाजवण्यावर ‘अँटी-जॅझ’ असा शिक्का मारणारा मजकूर आला, आणि 1962 च्या एप्रिलमध्ये त्या दोघांनी त्याच मासिकातून उत्तरं दिली.

जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड, 1935 पासून चालू असलेलं तळघर, जिथे शंभर-सव्वाशे माणसं कशीबशी मावतात. तारीख 2 नोव्हेंबर 1961. रेकॉर्डिंग करत होते रूडी व्हॅन गेल्डर. तुकडा 16 मिनिटांच्या आसपासचा, साचा साधा 12 बारचा ब्लूज. सुरुवातीला ठरलेली धून जवळजवळ नाहीच, थेट सोलो. टायनर हात बांधून बसलेले आहेत, म्हणजे टेनर सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स एवढाच ऐवज.

पहिल्या ऐकण्यात बेस धरा. तो चालत राहतो, त्यामुळे पायाखाली जमीन राहते. मग राइडकडे या. एवढ्या वादळातही ती थांबत नाही. या दोन गोष्टी कानात बसल्या की कोलट्रेन काय करताहेत ते उलगडायला लागतं: तीन-चार सुरांचा एक छोटा तुकडा घेतात, तो उलटा करतात, अर्धा करतात, वरच्या पट्टीत किंचाळवतात, मग खालच्या पट्टीत घशातून काढल्यासारखा घोगरा. जणू एकटेच दोघांचं बोलणं बोलताहेत. आता स्नेअर ऐका. कोलट्रेन तुकडा बदलतात तेव्हा एल्विन त्याची नक्कल करत नाहीत. तुकड्यांच्या मधल्या भेगांमध्ये त्यांचे तीन-तीनचे ठोके शिरतात, आणि कोलट्रेन यांचा सूर चिरकतो तिथे झांज कोसळते. पुढेपुढे तर एल्विन आधी ढकलतात आणि कोलट्रेन त्या ढकलण्यावर उडी घेतात. कोण कुणामागे चाललंय ते सांगता येईनासं होतं. तो गोंधळ नव्हता हे मला इथे पटलं.

पियानो मध्येच थांबतो तो का?

पियानो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवतो आणि कॉर्ड म्हणजे दिशा. ती दिशा सतत ऐकू येत असली की सॅक्सोफोनवाल्याला तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पियानो गप्प झाला की तो सुरांच्या बाबतीत मोकळा होतो, आणि त्याच्याशी बोलायला उरतो मुख्यतः ड्रमर. टायनर हे जाणूनबुजून करायचे.

सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी तर पियानो ठेवलाच नव्हता. 3 नोव्हेंबर 1957 ला त्याच व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांनी सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स अशा त्रिकुटाने वाजवलं. रात्री ड्रम्सवर एल्विन जोन्स, बेसवर विल्बर वेअर. त्यातला ‘सॉनीमून फॉर टू’ हा ब्लूज ऐका. रोलिन्स मध्येच इतकी मोठी गप्प जागा सोडतात की वाटतं विसरले की काय. त्या जागेत एल्विन बोलतात, रोलिन्स त्यांचं वाक्य पूर्ण करतात. कोलट्रेनबरोबरचे एल्विन ज्यांना झेपत नाहीत, त्यांना मी आधी हे ऐकवतो.

ड्रमर बदलला तर सॅक्सोफोनवाला खरंच वेगळा वाजवतो का?

हो, आणि याचा पुरावा घरबसल्या ऐकता येतो. 1963 च्या उन्हाळ्यात एल्विन काही काळ चौकडीत नव्हते, त्यांच्या जागी रॉय हेन्स आले. 7 जुलै 1963 ला न्यूपोर्ट महोत्सवात या संचाने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवलं. त्याच चौकडीचं, त्याच धूनचं एल्विनसकट एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या आणि लागोपाठ ऐका. एल्विन यांचे ठोके जाड, एकमेकांत मिसळलेले, खालून वर लोटणारे. हेन्स यांची स्नेअर कोरडी, टणक, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येणारा. हेन्सबरोबर कोलट्रेन यांच्या सोप्रानोच्या (उंच पट्टीच्या सॅक्सोफोनच्या) सुरावटी मला जास्त टोकदार, जास्त चपळ वाटतात. एल्विनबरोबर ते लाटेवर स्वार असतात, हेन्सबरोबर स्वतःच्या पायांनी पळतात.

रोलिन्स यांच्या वर सांगितलेल्या दिवशी दुपारचाही खेळ होता, त्यात ड्रम्सवर पीट ला रोका होते. ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ दुपारी ला रोकांबरोबर आणि रात्री एल्विनबरोबर, दोन्ही उपलब्ध आहेत. दिवस एक, क्लब एक, सॅक्सोफोनवाला एक.

‘ट्रेडिंग फोर्स’ म्हणजे आपले सवाल-जवाबच ना?

बरंचसं तसंच. चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम्स, पुन्हा चार सॅक्सोफोन. 32 बारच्या गाण्यात अशा आठ पाळ्या होतात, 12 बारच्या ब्लूजमध्ये तीनच, त्यामुळे ब्लूजमध्ये नव्या कोरसची सुरुवात कधी एकाकडे येते, कधी दुसऱ्याकडे. आठ-आठ बारचेही असतात. सोलो संपत आले, आता धून परत येणार, याची ती बहुधा खूण असते.

पण सवाल-जवाब हा या संवादाचा सगळ्यात उघड, सगळ्यात सोपा भाग झाला. सतार किंवा सरोदबरोबर तबला असतो तेव्हा एक जण विस्तार करतो आणि दुसरा ठेका धरतो, मग भूमिका बदलतात. जॅझमध्ये दोघंही एकाच वेळी विस्तार करत असतात. हिंदुस्तानी संगीतात याच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर धृपदाबरोबरचा पखवाज आठवावा. गायक लयकारी करत असताना पखवाजवाला ठेका सोडून त्याच्याबरोबरीने बोल वाजवतो आणि दोघं समेवर भेटतात. धृपद ऐकलेल्या माणसाला एल्विन जोन्स लवकर उमजतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

ड्रमर इतक्या जोरात वाजवतो, सॅक्सोफोन दबत नाही?

वाईट हॉलमध्ये, वाईट मायक्रोफोनमध्ये दबतो. चांगला ड्रमर मोठ्याने वाजवतानाही टेनरच्या मधल्या पट्टीला वाट ठेवतो: झांजांचा आवाज तिच्या वर, बेस ड्रमचा खाली.

प्रत्येक वाक्याला प्रतिसाद दिला म्हणजे चांगला संवाद झाला का?

नाही. उलट, कच्च्या ड्रमरची ही हमखास खोड असते. सॅक्सोफोनवाल्याने ट-ट-टाट वाजवलं की लगेच ट-ट-टाट. दोन वेळा गंमत वाटते, तिसऱ्यांदा सॅक्सोफोनवाला तसं वाजवायचंच टाळतो, कारण आपल्यामागे आरसा धरलाय असं त्याला वाटायला लागतं. चांगला प्रतिसाद कधी उलट दिशेचा असतो, कधी चार बार उशिराने येतो, कधी काहीच न करण्याचा असतो. ड्रमर बिली हिगिन्स ऐका. ऑर्नेट कोलमन यांच्या उधळलेल्या अल्टो सॅक्सोफोनमागे त्यांची राइड हलकी, हसरी, एका लयीत चालते. वरवर ते काही करतच नाहीत. पण कोलमन यांना कुठेही उडी मारता येते, कारण खाली ती राइड आहे.

ऐकणंच अशक्य झालं तर काय होतं याचं उदाहरण कोलट्रेन यांच्याच चौकडीत आहे. 1965 च्या उत्तरार्धात त्यांनी गट वाढवला आणि नोव्हेंबरपर्यंत एल्विन यांच्या जोडीला रशीद अली हे दुसरे ड्रमर आले. वर्षअखेरीस टायनर बाहेर पडले. त्या आवाजात स्वतःचा पियानो ऐकू येत नाही, असं त्यांनी सांगितलं. 1966 च्या सुरुवातीला एल्विनही गेले. कोलट्रेन ज्या दिशेने निघाले होते ती त्यांच्यासाठी खरी होती, पण ती जुनी देवाणघेवाण तिथे संपली याची मला हळहळ वाटते.

फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम्स, बाकी कुणीच नाही, असं ऐकायला मिळतं का?

मिळतं, आणि संवाद समजायला ते उत्तम. सप्टेंबर 1957 मध्ये रोलिन्स यांनी ड्रमर फिली जो जोन्स यांच्याबरोबर ‘द सरे विथ द फ्रिंज ऑन टॉप’ असं दोघांतच वाजवलं. मूळ गाणं नाटकातलं, सोपं, त्यामुळे वाट चुकत नाही. 1959 मधलं कोलट्रेन यांचं ‘काउंटडाउन’ ड्रम्सनेच सुरू होतं, आर्ट टेलर. मग सॅक्सोफोन येतो, दोघंच भरधाव जातात, बाकीचे नंतर सामील होतात आणि धून अगदी शेवटी येते. सगळं अडीच मिनिटांच्या आत. कोलट्रेन आणि एल्विन या दोघांचंच ‘व्हिजिल’ 1965 चं. मंचावरचं हवं असेल तर सॅक्सोफोनवादक ड्युई रेडमन आणि ड्रमर एड ब्लॅकवेल यांचा 1980 मधला स्वित्झर्लंडच्या विलिसाऊ महोत्सवातला कार्यक्रम. ब्लॅकवेल न्यू ऑर्लीन्सचे, त्यांच्या वाजवण्यात तिथल्या मिरवणुकांच्या ड्रमची चाल आहे. त्यांचे टॉम-टॉम गाणं म्हणतात.

आणि मग ‘इंटरस्टेलर स्पेस’. 22 फेब्रुवारी 1967, कोलट्रेन आणि रशीद अली, दोघंच. स्टुडिओतलं आहे, लाइव्ह नाही, पण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इथे ठरावीक लयच नाही. रशीद अली एकाच वेळी अनेक दिशांना वाजवतात, राइडवरची डिंग-डिंग-ग-डिंग कुठेच सापडत नाही. कोलट्रेन आधी हातातली घुंगरं वाजवतात, मग सॅक्सोफोन उचलतात. ताल मोजायची सवय असलेला कान सुरुवातीला बिथरतो. मी सुचवेन की मोजणं सोडा आणि दाटी ऐका: आवाज कधी दाट होतो, कधी विरळ, आणि ते दोघांचं एकत्र कसं होतं. कोलट्रेन त्याच वर्षी 17 जुलैला वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेले. ही प्लेट 1974 मध्ये बाहेर आली.

स्टुडिओतल्या आणि लाइव्ह वाजवण्यात संवाद वेगळा असतो का?

लाइव्हमध्ये वेळ असतो आणि समोर माणसं असतात. ‘अ लव्ह सुप्रीम’ 9 डिसेंबर 1964 ला स्टुडिओत झालं तेव्हा ते साधारण 33 मिनिटांचं होतं. पुढच्या जुलैत फ्रान्समधल्या अँतीबच्या महोत्सवात चौकडीने तेच मंचावर वाजवलं तेव्हा ते पाऊण तासाच्या वर गेलं. हा वाढलेला वेळ मुख्यतः सोलोंचा, आणि त्यात एल्विन कुठल्या कुठे पोचतात.

न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये 8 ऑक्टोबर 1963 ला वाजवलेल्या ‘अ‍ॅफ्रो ब्लू’मधला एक क्षण मला फार प्रिय आहे. टायनर यांचा सोलो चढत जातो, एल्विन त्याखाली आग वाढवत राहतात, आणि आता याच्यापुढे जागा नाही असं वाटत असताना कोलट्रेन सोप्रानोच्या उंच सुरावर आत शिरतात. तो सूर हवेत एकटा येत नाही. एल्विन यांनी रचलेल्या उंचीवर तो येऊन उभा राहतो. समोर श्रोते नसते तर ही उंची कुणी इतकी ताणली असती असं मला वाटत नाही.

याचा मुंबईशी, आपल्याकडच्या संगीताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडावा लागत नाही. सॉनी रोलिन्स 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाजवणं थांबवून मुंबईत आले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा ते इथे वाजवून गेले. कोलट्रेन पंडित रविशंकरांना फार मानत, मुलाचं नाव त्यांनी रवी ठेवलं, आणि 1961 च्या व्हिलेज व्हॅनगार्डच्या रात्रींमध्ये त्यांच्या एका रचनेचं नावच ‘इंडिया’ होतं. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी मुंबईत जॅझ आणि रागसंगीत यांना एकत्र आणलं.

पण या प्रश्नोत्तरांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं रेकॉर्डिंग म्हणजे ‘संगम’. मे 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराला सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांनी एक मैफल केली. ड्रम्सवर एरिक हारलंड आणि तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. निमित्त होतं बिली हिगिन्स यांच्या आठवणीचं, ते 2001 मध्ये गेले होते. एका सॅक्सोफोनसमोर दोन तालवादक, तेही दोन परंपरांचे. झाकीरभाई तिथे ठेका धरून बसत नाहीत, आणि हारलंड त्यांच्या वाटेत येत नाहीत. डग्ग्याची मींड आणि बेस ड्रम एकाच पट्टीत असूनही एकमेकांवर पडत नाहीत, कारण दोघंही आधी ऐकतात आणि मग हात उचलतात. तबला ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला या विषयात शिरायला याहून चांगलं दार नाही.

मला मात्रा मोजता येत नाहीत. चालेल?

चालेल. फक्त हाय-हॅट धरा, दोन आणि चार. टाळी तिथे पडली की बाकीचं हळूहळू येतं.

मैफलीत कुठे बसावं?

ड्रमरचा डावा हात दिसेल तिथे. प्रेक्षकांतून बघताना राइड बहुधा डावीकडे असते आणि हाय-हॅट उजवीकडे, म्हणून मी मंचाच्या किंचित उजव्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसतो. तिथून स्नेअरवरचा हात दिसतो आणि सॅक्सोफोनवाल्याची कड दिसते, म्हणजे श्वास दिसतो. अगदी पहिल्या रांगेत झांजा कानात घुसतात. मोठ्या सभागृहात मागे बसलात तर स्पीकरमधून येणारं एकजीव ऐकू येतं आणि कुठला आवाज कुठून आला ते कळत नाही, म्हणून लहान क्लब मिळाला तर तोच निवडा.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

सॉनी रोलिन्स यांच्या 1957 च्या व्हिलेज व्हॅनगार्डपासून. ‘सॉनीमून फॉर टू’ आधी, मग ‘अ नाइट इन ट्युनिशिया’च्या दोन्ही प्रती. त्यानंतर ‘संगम’. मग बर्डलँडचं ‘अ‍ॅफ्रो ब्लू’, आणि ते सवयीचं झालं की ‘चेसिन द ट्रेन’, शक्यतो हेडफोन न लावता, खोलीत मोकळ्या आवाजात. एकदा पूर्ण ऐकून झालं की लगेच पुन्हा लावा आणि या खेपेला कोलट्रेन यांच्याकडे लक्षच देऊ नका, सोळाच्या सोळा मिनिटं फक्त एल्विन ऐका. ‘इंटरस्टेलर स्पेस’ला निदान महिनाभर हात लावू नका.